गिनीपिग व्याली आहे: बाळंतिणीची काळजी कशी घ्यायची, पिल्लांचं दूध कधी तोडायचं?

रानजाई_अकोला | १२ एप्रिल, सकाळी ८.४०

नमस्कार. आमच्याकडे गिनीपिगची जोडी आहे. दुकानदाराने दोन्ही माद्या म्हणून दिल्या होत्या. त्यातली तपकिरी, खारी, गेला महिनाभर पोटाने रुंद होत गेली आणि आज पहाटे व्याली. तीन पिल्लं आहेत. डोळे उघडे, अंगभर केस, दातसुद्धा आलेले, आणि आत्ताच आईच्या मागे तुरुतुरु पळतायत. दुसरी जी काळी आहे, काजळ, तो नर आहे हे आता उघडच आहे. तो त्याच पिंजऱ्यात आहे, पिल्लांना काही करत नाही, नुसता हुंगतो.

खारीला खायला काय देऊ? सासूबाई म्हणतात बाळंतीण आहे, डिंक-गूळ द्या, थोडं आळीव द्या. पिल्लं आईजवळ फार वेळ पिताना दिसत नाहीत, त्यांना वरचं दूध लागेल का? आपण हात लावला तर आई पिल्लं टाकते असं ऐकलंय, मुलगी तर त्यांना उचलायला टपून बसली आहे. आणि इथे ऊन ४२ च्या पुढे आहे. माहितगारांनी कृपया सांगा.

गवतफूल_नाशिक | १२ एप्रिल, सकाळी ८.५२

ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी काजळला दुसऱ्या खोक्यात हलवा. आत्ता, लगेच.

गिनीपिग मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. नर शेजारी असेल तर ती त्याच दिवशी फळते. मग वर तीन पिल्लं पीत असतात आणि पोटात पुढची वाढत असतात. पिल्लांना बापापासून धोका नाही, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. जे काही सोसायचं ते खारीला सोसायचं असतं. काजळचं खोकं तिच्या पिंजऱ्याला लागून ठेवा, एकमेकांचा आवाज-वास मिळाला की दोघंही शांत राहतात.

रानजाई_अकोला | १२ एप्रिल, सकाळी ९.१५

हलवला. शिट्या मारतोय, पण काकडीचा तुकडा दिल्यावर जरा थांबला. उशीर झाला असेल का?

पशुवैद्य_लातूर | १२ एप्रिल, दुपारी २.०५

झालाही असेल, नसेलही. तीन-चार आठवड्यांनी हाताने चाचपून किंवा सोनोग्राफीने कळेल. तोवर ती फळली आहे असं धरूनच तिला खाऊ घाला, त्यात तिचं नुकसान काही नाही. या जातीत गर्भ साधारण ५९ ते ७२ दिवस राहतो, म्हणजे कॅलेंडरवर १० ते २३ जून हे दिवस खूण करून ठेवा.

आता तुमचे प्रश्न. पुढचा आठवडा पिल्लांपेक्षा आईकडे जास्त लक्ष द्या. पिल्लं पोटातूनच इतकी तयार होऊन येतात की पहिल्या एक-दोन दिवसांतच गवत कुरतडायला लागतात. आई मात्र झिजलेली असते.

सगळ्यात जास्त भीती तिने खाणं सोडण्याची. गाभणपणाचे शेवटचे दोन आठवडे आणि व्याल्यानंतरचा पहिला आठवडा हा त्यासाठी वाईट काळ. पोटात अन्न गेलं नाही की शरीर साठवलेली चरबी जाळतं, रक्तात कीटोन साचतात आणि जनावर दोन-चार दिवसांत हातचं जातं. लठ्ठ माद्यांत हे जास्त दिसतं. केस फुलवून कोपऱ्यात बसणं, आवडीच्या पाल्याकडेही न बघणं, लेंड्या कमी होणं, कधी तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास येणं, ही लक्षणं. असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. अंगाला झटके किंवा थरथर दिसली तर कॅल्शियम कमी पडलेलं असू शकतं, तेव्हाही तेवढीच घाई करा.

दुसरं, सड. गिनीपिगला दोनच सड असतात, मागच्या पायांच्या जवळ. रोज एकदा तिला छातीखाली आणि बुडाखाली असा दोन्ही हातांचा आधार देऊन उचला आणि बघा. सड मऊ आणि कोमट असले की ठीक. कडक, गरम, लालसर किंवा निळसर झाले आणि पिल्लं जवळ आली की ती दूर पळायला लागली, तर कासदाह समजा. गाईम्हशींत आपण दगडी म्हणतो तोच प्रकार.

वार बहुतेक आई स्वतःच खाते, ती दिसली नाही म्हणून घाबरू नका. पहिल्या दिवशी थोडं रक्त दिसतं. पण नंतरही रक्त चालू राहिलं किंवा घाण वास आला तर गर्भाशयात काही अडकलेलं असू शकतं.

आणि हे कागदावर लिहून पिंजऱ्याला चिकटवा. तोंडाने द्यायचं पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, तसंच लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधं गिनीपिगला चालत नाहीत. आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात, घातक जीवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने जनावर मरतं. कुत्र्या-मांजरांना सर्रास दिली जाणारी औषधं आहेत ही, म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आधी विचारा. तुमच्या अकोल्यातच माफसूची (महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची) पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था आहे, अडचण आली तर तिथे घेऊन जा.

हात लावल्याने आई पिल्लं टाकत नाही. उलट रोज उचलून वजन कराच. मुलीला जमिनीवर मांडी घालून बसवा, मांडीवर टॉवेल ठेवा आणि पिल्लू तिथेच राहू द्या. ती अचानक उडी मारतात आणि उंचावरून पडली तर पाय मोडतो.

माळावरची_माई | १२ एप्रिल, संध्याकाळी ७.३०

सासूबाईंना सांगा, डिंक-गूळ-आळीव यातलं काहीही नको. त्यांची माया बरोबर आहे पण गिनीपिगचं पोट गवताचं आहे. गूळ, पोळी, भात, बिस्किट, दूध यांनी पोट फुगतं. शेपू मात्र द्या, चार काड्या. बाळंतिणीला शेपू द्यायची आपली रीत इथेही चालते, तेवढंच त्यांचं समाधान.

आम्ही सोलापूरकडे शेतावर ससे आणि गिनीपिग बरीच वर्षं पाळतोय. विणाऱ्या मादीसाठी लसूणघासासारखं दुसरं काही नाही. प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर, दूध उतरायला तेच लागतं. चाराबाजारात पेंढी मिळते. फक्त आणल्या आणल्या ओली, गरम झालेली पेंढी टाकू नका. सावलीत पसरून कोमेजू द्या, नाहीतर पोट फुगेल. खारीने आधी कधी खाल्ला नसेल तर पहिल्या दिवशी मूठभर, मग वाढवत न्या. त्याच्या जोडीला साधं गवत चोवीस तास समोर हवंच. दूर्वा उत्तम, पण देवळाच्या किंवा सोसायटीच्या बागेतली आणताना फवारणी झालीय का ते विचारा. कोवळी ज्वारी नको, त्यात विष असतं, गुरंसुद्धा मरतात.

पेंडीच्या गोळ्या ताज्या आणा. दुकानात उघड्या पोत्यात पडलेल्या गोळ्यांतलं व्हिटॅमिन सी उडून गेलेलं असतं.

झुरिककर | १२ एप्रिल, रात्री ११.२०

व्हिटॅमिन सी बद्दल थोडं सविस्तर, कारण गिनीपिगच्या मुळाशीच ते आहे. माणसासारखंच त्यांचं शरीरही ते तयार करू शकत नाही. कमी पडलं की सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला किलोमागे दिवसाला सुमारे ३० मि.ग्रॅ. लागतं, एरवीच्या गरजेपेक्षा बरंच जास्त. हिरव्या ढोबळी मिरचीत १०० ग्रॅमला साधारण ८० मि.ग्रॅ. असतं, लाल ढोबळीत त्याहून जास्त. पेरूत तर दोनशेच्या वर. म्हणजे रोज ढोबळी मिरचीची मोठी फोड आणि थोडी कोथिंबीर, अधूनमधून पेरूचा लहान तुकडा एवढ्याने खारीचं भागतं. आवळा उत्तम, पण आंबटपणामुळे बहुतेक जण तोंड फिरवतात. पालक रोज नको, त्यात ऑक्झलेट (मुतखड्याला कारण होणारं द्रव्य) जास्त. पाण्याच्या बाटलीत गोळी विरघळवू नका, काही तासांत त्यातला गुण जातो आणि पाण्याची चव बदलल्यामुळे ती पाणीच कमी पिते. दूध देणाऱ्या मादीला पाणी कमी पडणं हे सगळ्यात वाईट.

डोंबिवली_लोकल | १३ एप्रिल, सकाळी ७.१०

उन्हाबद्दल कुणी बोललं नाही. गिनीपिगना घाम येत नाही आणि तिशीच्या पुढे तापमान गेलं की जीव धोक्यात येतो, बाळंतिणीचा आधी. पिंजरा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीवर. आत शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, ती स्वतःच जाऊन पसरते. बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा. कूलरचा झोत थेट अंगावर नको. ती एका बाजूला पडून धापा टाकत असेल, तोंडातून लाळ येत असेल तर कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करून लगेच डॉक्टर. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही.

आणि पिंजऱ्याच्या गजांमधलं अंतर बघा! ही पिल्लं अंग चोरून निसटतात. खालून वीतभर पुठ्ठा बांधून घ्या. घरात मांजर किंवा घूस येत असेल तर रात्रीचं वरून झाकण हवंच.

रानजाई_अकोला | १३ एप्रिल, सकाळी १०.४५

सगळ्यांचे मनापासून आभार. पुठ्ठा बांधला, फरशी ठेवली, लसूणघास आला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनं केली: ९४, ८८ आणि ६१ ग्रॅम. ते ६१ वालं फारच बारीक आहे. बाकीची दोघं सडाला लागली की त्याला बाजूला ढकलतात. त्याला गाईचं दूध ड्रॉपरने देऊ का?

पुणेरी_पेरू | १३ एप्रिल, सकाळी ११.००

आम्ही दिलं होतं गाईचं दूध, पाणी घालून. जगलं पिल्लू.

पशुवैद्य_लातूर | १३ एप्रिल, दुपारी १.३०

एखादं जगतं, पण मी सांगणार नाही. आई आहे, तिला दूध आहे, तेव्हा वरच्या दुधापेक्षा बारक्याला आईजवळ वेळ मिळवून द्या. सड दोन आणि तोंडं तीन, अडचण एवढीच आहे. दिवसातून चार-पाच वेळा मोठ्या दोघांना पंधरा मिनिटं वेगळ्या टोपलीत ठेवा आणि बारक्याला एकट्याला खारीबरोबर सोडा. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं. आई सतत अंगाखाली घेऊन बसत नाही, थोडा वेळ पाजते आणि उठते, म्हणून तुम्हाला पिताना कमी दिसतात.

६० ग्रॅमच्या आसपासचं पिल्लू नाजूक असतं हे खरं. पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यांचंच वजन थोडं उतरतं, ते धरून चाला. त्यानंतरही उतरत राहिलं तरच वरचं द्यायचा विचार करू, आणि तेव्हा मला विचारून. सुईविना सिरिंज, पिल्लू पोटावर बसलेलं, ओठाच्या कडेला थेंब ठेवायचा आणि ते चाटेल तेवढंच. उताणं धरून तोंडात सोडलेलं दूध सरळ फुप्फुसात जातं, आणि हाताने पाजलेली कितीतरी पिल्लं त्यानेच मरतात.

आई पिल्लांचं बूड चाटते ते स्वच्छतेसाठीच नाही. पहिले काही दिवस त्या चाटण्यानेच त्यांना शी-शू होते. बारक्याला ती चाटते का ते बघा. चाटत नसेल तर कोमट ओल्या कापसाने तुम्ही पुसा. पिल्लं आईच्या लेंड्या खाताना दिसली तर खाऊ द्या, पचनाचे जीवाणू त्यांना तिथूनच मिळतात.

रानजाई_अकोला | १७ एप्रिल, रात्री ९.३०

बारकी (मादी असावी असं वाटतंय) ५८ पर्यंत उतरली होती, आता ६७. टोपलीची युक्ती लागू पडली. मोठी दोघं तीन अंकांत गेली! खारी दाबून खाते आहे. पण तिच्या दोन्ही कुशींवरचे केस विरळ झालेत. ऊ असेल का?

पशुवैद्य_लातूर | १७ एप्रिल, रात्री १०.१५

खाजवत नसेल, खपल्या नसतील आणि दोन्ही बाजूंनी सारखेच विरळ असतील तर ते गाभणपण आणि दुधामुळे. दूध तुटल्यावर परत येतात. खाज असेल तर मात्र खरुजेचे किडे तपासायला हवेत.

गवतफूल_नाशिक | २४ एप्रिल, दुपारी १२.००

ताई, आता पुढची तयारी. नर पिल्लांना तिसरा आठवडा पूर्ण झाला की, म्हणजे ३ मेच्या सुमाराला, आईपासून वेगळं करा. त्यापुढे ती आईवर आणि बहिणीवर चढायला लागतात, आणि बहीण चार-सहा आठवड्यांचीच माजावर येऊ शकते.

पुणेरी_पेरू | २४ एप्रिल, दुपारी १२.४०

तीन आठवडे फार लवकर नाही का? आम्ही दीड महिना ठेवली होती सगळी एकत्र. लहान आहेत, आईची सवय असते.

गवतफूल_नाशिक | २४ एप्रिल, दुपारी १.१०

सवय असते, म्हणूनच मुली आईजवळच राहू द्यायच्या. पण मुलांचं थांबवून चालत नाही. तीन आठवड्यांपर्यंत आईचं दूध तसंही आटत आलेलं असतं. वजन १८० ग्रॅमच्या पुढे आणि गवत-गोळ्या-पाणी स्वतः घेत असतील तर दूध तोडायला हरकत नाही. दीड महिन्यात तुमच्याकडे काही झालं नसेल तर ते नशीब म्हणायचं.

आणि वेगळं म्हणजे एकटं नाही. मुलगे काजळकडे द्या. बाप लहान मुलग्यांना सहसा सामावून घेतो. पहिली भेट दोघांच्याही ओळखीची नसलेल्या जागेत करा, मधे गवताचा ढीग ठेवा. थोडं गुरगुरणं, पाठीवर चढणं चालेल. दात वाजवत समोरासमोर उभे राहिले तर मधे टॉवेल टाका.

झुरिककर | २४ एप्रिल, संध्याकाळी ६.००

गवतफूल यांना +१. इथे स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या प्राणीसंरक्षण नियमांप्रमाणे गिनीपिग एकटा पाळायला मनाईच आहे, इतका हा प्राणी कळपातला आहे. पुढे काजळला खारीकडे परत न्यायचा असेल तर खच्चीकरण करून घ्या, पण शस्त्रक्रियेनंतरही सहा आठवडे त्याला माद्यांपासून लांब ठेवा. तेवढा काळ तो फळवू शकतो.

डोंबिवली_लोकल | २५ एप्रिल, सकाळी ८.३०

नर-मादी ओळखायला: पिल्लू तळहातावर उताणं अर्धवट टेकवा, मूत्रमार्गाच्या जरा वर पोटाकडच्या बाजूला बोटाने अलगद दाबा. नर असेल तर लिंग बाहेर येतं. मादीत इंग्रजी वाय अक्षरासारखी खाच दिसते. नुसतं बघून ठरवू नका, दुकानदारही तिथेच फसतात. शंका असेल तर डॉक्टरकडून बघून घ्या, या एका गोष्टीवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

रानजाई_अकोला | ४ मे, सकाळी ९.००

संस्थेत नेऊन दाखवलं. मोठे दोघं मुलगे, २०५ आणि १९४ ग्रॅम. बारकी मुलगी, १५२. काल मुलगे काजळकडे गेले. त्याने दोघांना हुंगलं, एकाला जरा हाकललं, आणि रात्री तिघंही एकाच गवताच्या ढिगात बसलेले. बारकीला आईजवळच ठेवलंय, खारीला अजून थोडं दूध आहे असं डॉक्टर म्हणाले. खारी मात्र दिवसभर मुलग्यांच्या पिंजऱ्याकडे तोंड करून हाका मारत होती. मुलीला रडू आलं. आणतो परत म्हणाली. नाही आणलं.

माळावरची_माई | ४ मे, सकाळी १०.२०

बरं केलंत. एक-दोन दिवसांत शांत होईल, बारकी आहे ना तिला. पोरीला खारीच्या खाण्यापिण्याचं काम द्या, तिच्या हातून कोथिंबीर खाऊ दे. आणि पुढचा आठवडाभर सड रोज बघा. पिणारी तोंडं अचानक कमी झाली की दूध साचून गाठ होते.

एरवी दूध तुटल्यावर मी लसूणघास हळूहळू बंद करायला सांगते, कारण पुढे तेच कॅल्शियम मुतखड्याला कारण होतं. काजळचा तर आजपासूनच बंद, त्याला साधं गवत. पण मुलगेही आता त्याच्याबरोबर आहेत आणि त्यांना सहा महिन्यांचे होईपर्यंत थोडा हवा, तेव्हा तो त्यांना काजळपासून बाजूला घेऊन खाऊ घाला. खारीचं मात्र डॉक्टरांनी बघेपर्यंत थांबा.

रानजाई_अकोला | ११ मे, संध्याकाळी ७.४५

आज सोनोग्राफी झाली. खारी पुन्हा गाभण आहे. दोन दिसतायत. पहिल्या दिवशीच फळली असणार.

सड मऊ आहेत, खाते व्यवस्थित, वजन मागच्या आठवड्यापेक्षा थोडं वाढलंय. पण मला तिची फार काळजी वाटते. एवढ्याशा जिवाला लागोपाठ दोन बाळंतपणं, आणि तीही या उन्हात.

पशुवैद्य_लातूर | ११ मे, रात्री ९.००

काळजी रास्त आहे, पण तिच्या बाजूने बऱ्याच गोष्टी आहेत. ती खाते आहे, तुम्ही रोज बघता आहात, आणि एकदा सुखरूप व्यालेली आहे. सहा-सात महिन्यांच्या वयापर्यंत कधीच न व्यालेल्या मादीचा जघनास्थीचा (ओटीपोटाच्या पुढच्या हाडाचा) सांधा घट्ट होतो आणि पिल्लू अडकतं. तो धोका खारीला त्या मानाने कमी.

बारकी आता १८० च्या पुढे गेली असेल तर तिचं दूधही तुटलं आहेच. ती आईजवळच राहू दे, पण ताजा पाला दोन ठिकाणी ठेवा म्हणजे आईला तिच्याशी झगडावं लागणार नाही. लसूणघास चालू ठेवा, पण खारी लठ्ठ होऊ देऊ नका. ढोबळी मिरची आणि कोथिंबीर रोज, न चुकता. मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला, दुपारी १२ ते ५ पिंजरा थंड खोलीतून हलवायचा नाही. १ जूनपासून तिला विनाकारण उचलू नका. वजन करायचं तर खोक्यात पाला ठेवा, ती स्वतः चालत आत जाईल, मग खोक्यासकट काट्यावर. नवी जागा, पाहुणे, पिंजऱ्याची उलथापालथ काही नको, त्या धसक्यानेसुद्धा ती खाणं सोडते.

कळा सुरू झाल्यावर पिल्लं पाच-दहा मिनिटांच्या अंतराने येतात आणि सगळं साधारण अर्ध्या तासात आटोपतं. ती वीस मिनिटं जोर लावते आहे आणि काहीच बाहेर येत नाही, किंवा रक्त जातंय आणि ती गळून पडली आहे, तर गाडी काढा. संस्थेचा रात्रीचा नंबर आजच घेऊन ठेवा.

रानजाई_अकोला | ११ मे, रात्री ९.४०

बारकी १८८. नंबर उद्या सकाळी जाऊन घेते. काजळच्या खच्चीकरणाचंही तेव्हाच विचारते. मुलग्यांचं पण लागेल ना, पुढे बहिणीबरोबर ठेवायचे असतील तर?

पशुवैद्य_लातूर | ११ मे, रात्री ९.५५

हो. पण ते अजून लहान आहेत, चारेक महिन्यांचे होऊ द्या. तोवर तिघं बापलेक एकत्र, आणि जागा मोठी करा. दोघांनाच किमान साडेसात चौरस फूट लागते, तिघा नरांना त्याहून बरीच जास्त, नाहीतर वयात येताना भांडतील. लपायला खोकी तीन हवीत, प्रत्येकाला दोन्हीकडून दारं असलेली, म्हणजे कुणी कुणाला आत कोंडणार नाही.